गप्प झाली की दुखतं

नबवीया खालतीने, म्हणजे मावशीने, काही खाल्लं असेल का, ही काळजी रीहामच्या मनातून जाता जात नव्हती, आणि ती जात नाही याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता. जिने आपला विश्वासघात केला, तिच्या चुलीची चौकशी आपण कशाला करायची? पण कान वरच लागलेले असत. गच्चीवरच्या खोलीत खालतीचा स्टोव्ह पेटला की त्याची फुरफुर खाली स्वयंपाकघरात ऐकू यायची. तीन दिवस ती फुरफुर आलेली नव्हती. कबुतरांना दाणे टाकताना ती त्यांना ठेवणीतल्या शिव्या घालायची, त्याही नाहीत. सकाळी एकदा फरफटत्या चपलांचा आवाज तेवढा येई, खोलीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून परत.

खाली सुंदुस पलंगावर उताणी पडलेली होती. तिची नऊ वर्षांची पोर. कमरेपासून दोन्ही घोट्यांपर्यंत प्लास्टर, पाय फाकवलेले, आणि ते हलू नयेत म्हणून मध्ये प्लास्टरातच बसवलेला लाकडी दांडा. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणाले. खालती म्हणाली, पोरीच्या अंगात दोरखंड आहेत, आणि ते कोणीतरी सारखे ओढतंय. दोघांचं म्हणणं एकच होतं. त्या ओढीने मांडीची हाडं खुब्याच्या वाटीतून निसटायला लागली, बसवलं तरी सुंदुस कळवळायला लागली, तेव्हा ऑपरेशन ठरलं. मन्सूरा शहरातल्याच एका इस्पितळात दोन्ही हाडं कापून, वळवून, पट्ट्या ठोकून पुन्हा वाटीत बसवली. त्याला आज सोळा दिवस झाले होते.

नबवीया कोणाची खालती? तशी कोणाचीच नाही. रीहामच्या आईची ती बहीण नव्हे, लांबची नात्यातलीही नव्हे. ती याच इमारतीच्या गच्चीवर राहणारी साठीची बाई. पण सुंदुस आठ महिन्यांची असताना एकदा जिन्यात रीहाम तिला छातीशी धरून रडत बसली होती, तेव्हा वरून पाण्याचं पिंप घेऊन उतरणाऱ्या या बाईने पिंप खाली ठेवलं, पोर हातात घेतली, तिचे पाय पोटाशी दुमडले आणि हळूहळू डोलवले. पोर सैल पडली. "पुस्तक वाचून आई झालीस वाटतं," ती रीहामला म्हणाली, "हिला लाकडासारखी ताठ धरलीस तर ही लाकूडच होणार." त्या दिवसापासून ती खालती झाली, आणि रीहाम तिला सख्ख्या मावशीसारखं अगंतुगं करू लागली.

नबवीयाला शाळा माहीत नव्हती. लहानपणी गावच्या इतर पोरांबरोबर तिला कपाशीच्या शेतात रांगेने उभं करत, पानांवरची अळी वेचायला. मागून मुकादम छडी घेऊन फिरायचा. एखादं पान सुटलं की छडी पाठीवर. "म्हणून माझ्या नजरेतून काही सुटत नाही," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. वीटभट्टीवरचा नवरा छातीच्या रोगाने लवकर गेला. मग शहरात येऊन सत्तावीस वर्षं इस्पितळात आयाचं काम केलं. औषधांची नावं तिला वाचता येत नसत, पण कुठल्या रंगाची बाटली कोणत्या खाटेला, हे ती झोपेतही सांगे. डॉक्टरांनी, नर्सांनी, पेशंटच्या बायकांनी काहीही सांगितलं तरी तिचं उत्तर एकच: "बरं." करायचं असलं तरी बरं आणि करायचं नसलं तरी बरं. नोकरी टिकवायची तर तोंडात दुसरा शब्द नको, हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

तिचा मुलगा सबरी टुकटुक रिक्षा चालवायचा. रात्रंदिवस चालवता यावी म्हणून तो गोळ्या घेऊ लागला. बरशाम म्हणतात त्याला. स्टँडवरचे निम्मे घ्यायचे. आधी घरातलं गॅसचं नळकांडं गेलं, मग तिचं एकुलतं एक कंकण. चोविसाव्या वर्षी तो स्टँडमागच्या भिंतीशी मेलेला सापडला. याविषयी खालती कधी बोलत नसे. रीहामला हे सगळं कळलं ते इमारतीतल्या दुसऱ्या बायकांकडून. एकदाच, सुंदुसला आंघोळ घालता घालता, ती म्हणाली होती की सबरीचीही पाठ अशीच गोरीपान होती.

सुंदुसला बोलता येत नाही. आवाज करता येतात, आणि रडता येतं. रीहाम कित्येक वर्षं समजत होती की ही रडते म्हणजे हिला दुखतं. ते चूक आहे हे तिला खालतीने दाखवून दिलं. पाच वर्षांची असताना पोरीचा कान फुटला होता, आणि दोन दिवस ती इतकी शहाण्यासारखी पडून होती की रीहामने देवाचे आभार मानले. खालती आली, तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "शहाणी कुठली, हिला मरणाचं दुखतंय. रडते तेव्हा हिला काहीतरी हवं असतं, बाई. गप्प झाली की दुखतं. अंगठा बघ." सुंदुसचा डावा अंगठा मुठीच्या आत गेलेला होता, आणि पांघरुणाचं टोक दातांत. त्यानंतर ते कधीही खोटं ठरलं नाही.

ऑपरेशननंतर वॉर्डात वेदना बघणारी एक खास नर्स यायची, मिस इबतिसाम. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी तिच्याकडे एक तक्ता होता. चेहरा, पाय, रडणं, सगळ्याला गुण द्यायचे. आणि खाली एक रिकामी जागा: तुमचं मूल दुखताना वेगळं काय करतं ते आईने लिहावं. रीहामने लिहिलं: गप्प होते, डावा अंगठा मुठीत घेते, कापड चावते. मिस इबतिसाम ते वाचून म्हणाली, असं नेमकं लिहिणारी आई वर्षातून एखादी भेटते. रीहामने खालतीकडे बोट दाखवलं. मिस खालतीला ओळखत होतीच. निवृत्तीनंतर घरी पेशंट सांभाळायची कामं तिला तीच मिळवून द्यायची.

घरी सोडताना दोन औषधं दिली. एक साधं, तापाला देतात तसलं. दुसरं स्नायूंची ओढ थांबवणारं. मिसने समजावून सांगितलं, की या मुलांना कापलेल्या हाडापेक्षा ही ओढच जास्त छळते. स्नायू आखडला की नुकतं बसवलेलं हाड ओढलं जातं, त्याने दुखतं, दुखलं की आणखी आखडतो. हे चक्र फिरूच द्यायचं नाही, म्हणून दुखायची वाट न बघता घड्याळ लावून तीन वेळा द्यायचं. आणि एक वही दिली. वेळ, औषध, चेहरा; रोज संध्याकाळी आईची सही.

ते दुसरं औषध आणायला खालतीच गेली होती. औषधवाल्याने तिचं ओळखपत्र मागून घेतलं, नंबर जाड वहीत उतरवला, चिठ्ठीवर शिक्का मारला आणि चिठ्ठी स्वतःजवळ ठेवून घेतली. बंदीच्या यादीतली औषधं अशीच देतात, हे मन्सूऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खालती परत आली ती पांढरीफटक पडून.

"पोरी, हे बरशाम आहे," ती म्हणाली.

रीहाम तेव्हा सुंदुसच्या प्लास्टरखाली उशी सरकवायच्या खटपटीत होती. पोर उचलून, जिने चढवून, तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. ती हसून बोलून गेली, "मग काय, सुंदुसला टुकटुक चालवायला पाठवते आहेस का?"

शब्द तोंडातून गेल्यावर तिला सबरी आठवला. पण तेवढ्यात सुंदुसने आवाज केला, आणि माफी मागायची राहून गेली. खालती हसली नाही. नुसतं म्हणाली, "बरं."

पहिले दोन दिवस रीहाम घरी होती. तिने घड्याळ लावून औषध दिलं, आणि पोर प्लास्टरमध्ये असूनही चमचा किटलीवर वाजला की खिदळायची. तिसऱ्या दिवशी रजा संपली. मुलींच्या शाळेत परीक्षा सुरू होत्या आणि भूगोलाला दुसरी शिक्षिका नव्हती. सकाळी सातपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत सुंदुस खालतीच्या हवाली, म्हणजे सकाळचं आणि दुपारचं औषध तिच्या हातून. खालतीला लिहिता येत नसे. म्हणून आधीच ठरलं होतं की दिलेल्या औषधापुढे ठिपका काढायचा, आणि चेहऱ्याच्या रकान्यात चेहरा. गोल, दोन डोळे, आणि बरं असलं तर हसरं तोंड. रीहाम घरी असताना तिने तसे चार काढले होते, आणि स्वतःच्याच चित्रांवर खूश होऊन म्हणाली होती, "बघ, मीही शिकले."

मग सगळं बिघडत गेलं. रीहाम शाळेतून यायची तेव्हा सुंदुस ताठ झालेली असायची, जबडा आवळलेला. संध्याकाळचं औषध दिल्यावर थोडी सैल पडे, पण उत्तररात्री पुन्हा तेच. पोर झोपेना. पट्टी सरकली की काय, हाड जुळत नाही की काय, असल्या विचारांनी रीहाम अर्धी झाली. वही उघडली तर ठिपके सगळे जागच्या जागी. ती गोलांकडे एकदा बघे, खाली सही करी. खालतीला विचारलं तर ती म्हणे, दिवसा तर ठीक होती. गायीच्या पायांचा रस्सा करून ती चमच्याचमच्याने सुंदुसला भरवत होती. हाड त्यानेच सांधतं, म्हणे.

शाळा सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी रीहामने डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, तीन वेळा देऊनही भागत नसेल तर दीडपट करू. त्या संध्याकाळी तिने दीडपट दिलं. तासाभरात सुंदुस अशी गाढ झोपली की हाक मारून उठेना, गालावर थोपटून उठेना. टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवी घालून तिला इस्पितळात नेलं. खालतीही बरोबर आली. वाटभर ती सुंदुसच्या छातीवर हात ठेवून बसली होती.

श्वास ठीक होता, नाडी ठीक होती. तरुण डॉक्टरने विचारलं, दिवसाचे डोस नक्की जातात ना? रीहाम म्हणाली, "एक वेळ माझ्या हातून चूक होईल, डॉक्टर, हिच्या हातून नाही. सत्तावीस वर्षं वॉर्डात काढली आहेत तिने." आणि तिने वही पुढे केली, स्वतःच्या सात सह्यांसकट. खालती शेजारीच उभी होती, चपलांकडे बघत. डॉक्टरने हिशेब मांडला: रोज तीनदा जातंय, म्हणजे औषध पोरीच्या अंगात साठत गेलं. हिला ते मानवत नाही. त्याने फाइलवर तसं लिहिलं आणि ते बंद केलं. सकाळी सुंदुसने डोळे उघडले, आणि सगळे घरी आले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रीहामने शाळेला कळवून टाकलं की ती येत नाही. दुपारी खालती रस्सा घेऊन आली, पलंगाच्या कडेला बसली, सुंदुसच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि अगदी मोकळेपणाने म्हणाली, "अल्लाहने निभावून नेलं, सुंदुसच्या आई. ते विष सगळंच पोटात गेलं असतं तर पोर हातची गेली असती."

रीहामला आधी कळलंच नाही. "सगळं म्हणजे? सगळंच तर गेलं."

"माझ्या हातून एक थेंब नाही गेला."

मग तिने सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात कसूर केल्याची खंत नव्हती. उलट काम चोख केल्याचं समाधान होतं. औषध ती सिरिंजमध्ये ओढायची, रेघेपर्यंत बरोबर मोजून. मोरीत सोडायची. त्याच सिरिंजमध्ये बडीशेपेच्या वासाचा यन्सूनचा काढा भरायची, कारण तोही रग उतरवतो आणि त्याने पोर कुठल्या भिंतीशी मरून पडत नाही. बाटली रोज तेवढीच उतरत होती. मोजमापात तिने कुठेच चूक केली नव्हती.

"डॉक्टर विचारत होते," रीहाम म्हणाली, "तेव्हा तू शेजारी होतीस."

"होते."

"तुझ्या नावाने शपथ घ्यायची तेवढी राहिली होती. तू ऐकत होतीस."

"ऐकत होते. बोलले असते तर त्यांनी परत सुरू केलं असतं."

"तिला दुखत होतं, खालती. पाच दिवस, दिवसभर. आणि तुला कळत होतं. माझ्या आधी, डॉक्टरांच्या आधी, जगात एकट्या तुला कळत होतं."

खालतीने वाटीवर झाकण ठेवलं. "दुखणं जातं, पोरी," ती म्हणाली. "माझ्या सबरीला शेवटची दोन वर्षं काही म्हणजे काही दुखत नव्हतं."

दुसरी कोणी असती तर रीहाम ओरडली असती, भांडली असती. तिने फक्त हात पुढे केला. "किल्ली द्या," ती म्हणाली, "आणि तुम्ही या आता." आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून 'तुम्ही' आलं, आणि ते ऐकून म्हातारीचा चेहरा असा पडला की जणू तोंडावर दार आपटलं. किल्ली ठेवून ती उठली. उंबऱ्याशी थांबून एवढंच म्हणाली, "मिसला सांगू नकोस. माझी दोन घरं तिच्याच शब्दावर आहेत." रीहामने किल्ली उचलून कपाटात टाकली. आणि नेहमीच्या सवयीने म्हातारीच म्हणाली, "बरं."

त्याला तीन दिवस झाले. या तीन दिवसांत रीहामने मिसला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी तिने कुवेतला, नवऱ्याला सगळं सांगितलं. अश्रफ शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हातारी अडाणी आहे, ती काहीही करेल. पण सही कोणाची आहे?" घरच्या माणसाने असा नेमका घाव घालावा! ती फोन ठेवून न्हाणीत जाऊन बसली. कारण खरं तेच होतं. फोन करायचा म्हणजे खालतीची दोन घरं तोडायची, हा झाला एक भाग. पण त्या नर्सपुढे, जिने वर्षातून एखादी अशी आई भेटते म्हटलं होतं, आपण न बघता सह्या केल्या हे कबूल करायचं, तो दुसरा भाग जास्त जड होता.

काल न राहवून तिने इस्पितळात फोन करून ड्यूटीवरच्या कोणाला तरी विचारलं होतं, की ओढीचं औषध थोडं तरी सुरू करता येईल का. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "मादाम, तिला ते चालत नाही असं लिहिलंय," आवाज म्हणाला. "फाइलमध्ये स्पष्ट आहे." रीहामने आभार मानून फोन ठेवला. साठलं कुठून? जे पोटात गेलंच नाही ते साठणार कसं? पाच दिवस तळमळलेली, चार रात्री न झोपलेली पोर एका डोसाने मेल्यासारखी झोपली होती, बहुधा एवढंच. बहुधा. नक्की काय ते सांगायला खरा हिशेब समोर हवा, आणि तो जगात फक्त दोन बायकांना ठाऊक होता. एक गच्चीवर गप्प होती. दुसरी इथे.

आज दुपारच्या अज़ानपासून सुंदुस शहाण्यासारखी पडून होती. तापाचं साधं औषध पोटात होतं. दारातून कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, किती गुणी पोर. रीहामने पांघरूण वर केलं. टोक दातांत होतं, चावून ओलं झालेलं. डावा अंगठा मुठीत. प्लास्टरच्या कडेला मांडी दगडासारखी, आणि मधूनच एक कंप त्या दांड्यातून दोन्ही पायांत जायचा. पोर टक लावून आईकडे बघत होती. मग तिची नजर दाराकडे गेली. ती कोणाची वाट बघतेय हे रीहामला कळलं. जिने हिला पाच दिवस जाळलं, तिचीच वाट बघते ही.

ती उठली आणि कपाटातून वही काढली. फोनवर सांगताना तारखा चुकायला नकोत. पहिले दोन दिवस, ती स्वतः घरी होती ते: चार गोल, चार हसरी तोंडं. तिने पान उलटलं. तिसरा दिवस. ठिपका, गोल, दोन डोळे. पुढचा गोल, दोन डोळे. तिने आणखी पान उलटलं. पाच दिवस, दहा गोल, आणि एकालाही तोंड नव्हतं.

प्रत्येक पानाखाली तिची सही होती, शिक्षिकेची, वळणदार.

म्हणजे म्हातारीने तोंडाने लपवलं आणि हाताने लिहून ठेवलं. खोटा चेहरा काढायला तिचा हात धजला नाही, पण खरं बोलायला जीभही उचलली नाही. हे कळून राग कमी झाला नाही. आधी तिच्या एकटीवर होता, आता त्याला दोन धनी झाले, एवढंच.

वर चपला फरफटल्या, खोलीपासून मोरीपर्यंत. स्टोव्ह अजूनही पेटला नव्हता. ओट्यावर झाकून ठेवलेल्या भाताच्या पातेल्याकडे रीहामने एकदा बघितलं आणि तिथून नजर काढून घेतली. ते नंतर. किंवा कधीच नाही. आधी पोर.

तिने सुंदुसच्या मुठीत आपलं बोट घालून अंगठा हळूच बाहेर काढला. तो परत आत गेला. तिने दुसऱ्या हाताने फोन घेतला आणि मिस इबतिसामचं नाव शोधलं. काय सांगायचं त्याचा क्रम तिने मनात लावला: आधी फाइलमधलं ते वाक्य खोडा. मग, सह्या माझ्या आहेत आणि मी बघितलं नव्हतं. मग दिवसाचे डोस कोणी दिले नाहीत ते, नावासकट. आणि मिसने विचारलंच की आत्ता तिला दुखतंय हे तुम्ही कशावरून म्हणता, तर ते कोणी शिकवलं, तेही त्याच नावाने सांगायचं.

तिने नंबर लावला.